सातवा बॉक्स

भिंतीला कान लावून मी टेस्टरच्या मुठीने ठकठक करत होतो. पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली ही म्हणाली, "डॉक्टरला दाखवायचं का?" भिंतीला की मला, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण नेमका तेव्हाच मला पोकळ आवाज आला होता. चार बोटं डावीकडे सरकून ठोकलं, तिथेही पोकळ. उजवीकडेही पोकळ. मग डोक्यात उजेड पडला, की विटेच्या भिंतीवर अर्धगोल लाकडं ठोकली की मधे हवा राहणार आणि सगळी भिंतच पोकळ वाजणार. आवाजावर भरवसा ठेवला असता तर आमच्या दोन खोल्यांत स्विचबोर्डाचे चारशे बॉक्स निघाले असते. होते सात. रजिस्टरला तशी नोंद होती.

रजिस्टर माझं. मी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. चितेगाव म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना लागणारं गाव. इथे व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता. कंपनीच्या पत्त्यातच '१४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड' असं होतं. रस्त्याकडेच्या दगडाला एवढा मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्या कारखान्यात मी १९ वर्षं स्टोअर्समध्ये होतो. आतल्या प्रत्येक स्क्रूचा कोड नंबर मला पाठ होता, तो कुठल्या रॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे हेही. तो कुठल्या बाजूला पिळायचा, ही माहिती प्रॉडक्शनवाल्यांकडे असायची.

पण टीव्हीच्या कारखान्यातला माणूस म्हटल्यावर गावाने ठरवून टाकलं की याला विजेतलं कळतं. लोक इस्त्री आणतात, मिक्सर आणतात. मी ती वस्तू हातात घेतो, उलटी करतो, "अं..." म्हणतो आणि परत देतो. दोनदा तेवढ्याने वस्तू सुरू झाली. माझी कीर्ती त्या दोन इस्त्र्यांवर उभी आहे.

भिंतीचं प्रकरण मात्र मनालीत सुरू झालं. मनालीजवळ नग्गर म्हणून गाव आहे. तिथल्या जुन्या राजवाड्याच्या भिंती देवदाराच्या तुळया आणि दगड असे आलटून पालटून रचलेल्या आहेत. त्या बांधणीला तिकडे काठकुणी म्हणतात. ही त्या भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "किती उबदार वाटतं ना!" चितेगावात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, उबेची टंचाई आमच्याकडे कधीच नव्हती. पण बायको अशी हरखून उभी असताना नवऱ्याने हवामान खात्यासारखं बोलू नये. मी म्हणालो, "आपलं घर असंच करू."

घर म्हणजे गावाबाहेरच्या पाच गुंठ्यांत बांधलेल्या विटांच्या दोन खोल्या आणि पुढे ओटा. देवदार आमच्या जिल्ह्यात होत नाही. स्लॅबखाली टेकू देतात त्या नीलगिरीच्या बल्ल्या मात्र मिळतात. वखारवाला म्हणाला, "उभ्या चिरून देतो साहेब. बाहेरून ओंडका, आतून फळी. बघणाऱ्याला काय कळतंय?" बघणाऱ्याला काही कळू नये हीच माझीही इच्छा होती.

शिवाय अशा सोंगाला आमच्या जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या चक्क दगडात कोरल्या आहेत. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. तिकडे कार्ल्याच्या चैत्यात फासळ्या खऱ्या लाकडाच्या, दोन हजार वर्षांपासून जागच्या जागी. वेरूळकरांनी दगडाला लाकूड केलं, मी विटेला केलं. त्यांना मागाहून स्विचबोर्ड बसवायचे नव्हते, एवढं एक सोडलं तर आमचं काम सारखंच.

विजेचं काम मी विसरलो होतो असं नाही. एका पोराकडून भिंतीत पाईप टाकून घेतले, बॉक्स बसवले, वायरी ओढल्या. पोरगं मग दुसऱ्या कामावर गेलं. नंतर सुतार आला. त्याने विचारलं, "कुठून कुठवर झाकायचं?" मी हात पसरून म्हणालो, "सगळं." आज्ञाधारक माणूस. चार इंची खिळे घेऊन तीन दिवस ठोकत होता. चौथ्या दिवशी हातोडा पिशवीत घालता घालता तो सहज म्हणाला, "साहेब, लाईट कुठं घेणार?"

मी भिंतीकडे पाहिलं. भिंत मनालीसारखी दिसत होती. मनालीत रात्री दिवे कसे लावतात, ते मी पाहून आलो नव्हतो.

*

वायरमन बोलवावा असं हिचं म्हणणं पडलं. मी म्हणालो, "आता नुसती जोडणी तर राहिलीय." माझ्या आयुष्यात जे जे महाग पडलं आहे त्याच्या सुरुवातीला 'नुसती' हा शब्द होता.

आधी बॉक्स शोधायचे होते. भाच्याने काम चालू असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. फोटोत बॉक्स स्वच्छ दिसत होता, गवंड्याच्या जेवणाच्या डब्यापासून बरोबर एक हात उजवीकडे. डबा गवंड्याबरोबर बिडकीनला गेला होता. दुसऱ्या फोटोत खूण म्हणून एक शेळी होती.

भाचा म्हणाला, "मामा, बॉक्स पत्र्याचा आहे. लोहचुंबक लावू." कल्पना चांगली होती. जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून आम्ही ते भिंतीवरून फिरवायला लागलो आणि ते पहिल्याच लाकडाला चिकटलं. खालच्यालाही चिकटलं. दुपारपर्यंत आम्ही सुताराने ठोकलेले ११२ खिळे शोधून काढले. ते तसेही नुसत्या डोळ्यांनी दिसत होते.

शेवटी ड्रिल मशीन. दाराच्या चौकटीपासून अंदाजे वीतभर, जमिनीपासून छातीइतकं उंच, असा हिशेब करून भोक पाडायचं आणि आत काडी घालून बघायचं. मेन स्विच बंद केला होता, तेवढी अक्कल शाबूत होती. संध्याकाळपर्यंतचा ताळेबंद असा: भोकं १७, बॉक्स ६, तूट ११. सातवा बॉक्स लागेना. स्टोअर्समधल्या १९ वर्षांत माझ्या हाताखालून एक वॉशर कमी झाला नव्हता. मी रात्री दोनदा उठून टॉर्चने भिंत पाहिली.

*

सहा तर सहा, म्हणून मी बोर्ड बसवायला घेतले, आणि तेव्हा मला एक शोध लागला. बाजारात मिळणारी विजेची प्रत्येक वस्तू भिंत सपाट आहे असं धरून बनवलेली असते. बोर्डाची पाठ सपाट, होल्डरची बैठक सपाट, प्लेटची कड सपाट. ती गोल लाकडावर ठेवली की एका रेघेवर टेकते. वरून दाबलं की खालून उचलते, खालून दाबलं की वरून. पहिला बोर्ड मी एका स्क्रूवर लावला आणि स्विच दाबला, तर बोर्डाने कीर्तनातल्या म्हाताऱ्यासारखी मान डोलावली. दिवा काही लागला नाही, पण बोर्डाला सगळं पटत होतं.

मग मी वरखाली दोन्ही स्क्रू आवळले. आवळले, आणखी थोडे आवळले, आणि प्लास्टिकचा बॉक्स मधोमध 'कट्' करून फुटला. दुसरा फुटला तेव्हा मी शहाणा झालो. तिसरा हळूच आवळला. तो दुसऱ्या दिवशी फुटला.

चौथा लाकडाच्या फुगवट्यावर न लावता दोन लाकडांमधल्या खाचेत बसवून पाहिला. तिथे तो डुलत नव्हता, पण मागे करंगळी जाईल एवढी फट राहिली आणि रात्रीत तिथे पाल राहायला आली. स्विच दाबला की चुकचुकायची. बोलताना पाल चुकचुकली तर ते बोलणं खरं होतं म्हणतात. माझ्या बाबतीत काय खरं होणार होतं ते पुढे कळलं.

फटी बुजवायला मी एम-सील मळून घेतलं. पुडीतले दोन गोळे एकत्र मळायचे, एकरंगी होईपर्यंत. ते मला छान जमतं. बोर्डाच्या चारी बाजूंनी थापत गेलो. हाताचे ठसे उमटत गेले, ते पाणी लावून पुसायला गेलो तर आणखी उमटले. काम झाल्यावर दोन पावलं मागे सरून पाहिलं. कुंभारमाशीने भिंतीवर मातीचं घर बांधावं तसं दिसत होतं, आणि त्या घराला तीन स्विच आणि एक सॉकेट होतं. ही म्हणाली, "निघेल ना ते?" बसेल का, असं मी ऐकायला तयार होतो. निघेल का, हा प्रश्न जिव्हारी लागला.

ओट्यावरच्या दिव्याची कथा निराळी. लाकूड आडवं आणि गोल. त्याच्या वरच्या अंगावर दिवा लावला तर तो आभाळाकडे तोंड करतो, खालच्या अंगावर लावला तर पायांकडे. मी वरच्या अंगावर लावला. ओट्यावर अंधारच राहिला, पण उजेडाचा एक स्वच्छ झोत कुंपणावरून पलीकडे, शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात जाऊन पडला. मला त्याचा पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या कुंपणाशी आले.

"काय करायलात तुम्ही रात्रभर?"

"काही नाही. का?"

"म्हशीनं पान्हा चोरलाय दोन दिसापासनं. डोळ्यावर उजेड घेऊन उभी राहतीय बिचारी. तिला वाटायलंय, मोटार आली."

मी दिव्यावर एक टोपलं अडकवलं. म्हैस पूर्ववत झाली. ओट्यावर मात्र टोपल्याच्या विणीतून ठिपक्याठिपक्यांचा उजेड पडायला लागला. एका पाहुण्याने विचारलं, हे मुद्दाम केलंय का. मी हो म्हणालो.

*

डिसेंबरात हुरडा करायचा ठरला. आमच्याकडे हिवाळ्यात शेत असलेल्या माणसाने हुरड्याला बोलावलं नाही तर त्याचं काही तरी बिनसलंय असं समजतात. आणि मला घर दाखवायचं होतं.

बरोबर त्याच सुमाराला आमची वीज रुसायला लागली. दिवसभर सगळं सुरळीत. रात्री नऊच्या पुढे मेन बोर्डावरचा आरसीसीबी खट् करून पडायचा. हा आरसीसीबी म्हणजे विजेच्या घरातला स्टोअरकीपर. गेली किती आणि परत आली किती, याचा मेळ तो सारखा घालत असतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढ्याची तूट दिसायच्या आत सगळं बंद करून मोकळा होतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण कारखान्यात असे डबे मी मोजून दिले होते. तरीही स्वतःच्या घरातला तो पडायला लागल्यावर मी काय म्हणालो? "पीस खराब आहे." आयुष्यभर मेळ घालणारा माणूस दुसऱ्या मेळ घालणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही, त्यातली गत. भाचा म्हणाला, "मामा, तो काढून डायरेक्ट करू." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "डायरेक्ट केलं तर मी पण डायरेक्ट माहेरी." त्यामुळे तो राहिला. त्या एका वाक्याने माझा मेहुणा वाचला. पण तो अजूनही मलाच बोल लावतो.

हुरड्याच्या संध्याकाळी पंधरा-वीस माणसं जमली. आगटी पेटली होती, गोवऱ्या फुलल्या होत्या. कणसं भाजून निघत होती, तात्या ती तळहातावर चोळून हिरवा, वाफाळता हुरडा ताटलीत टाकत होते. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. पण माझं लक्ष हुरड्यात नव्हतं. मी एकेकाला हाताला धरून ओट्यावर नेत होतो आणि म्हणत होतो, "काठकुणी."

दव पडायला लागलं होतं. हिचा धाकटा भाऊ उशिरा आला. स्वेटर काढला, अडकवायला जागा शोधली. ओट्याच्या भिंतीत एक खिळा बोटभर बाहेर राहिला होता. त्याच्याच शेजारच्याला हिने सकाळी झेंडूचं तोरण बांधलं होतं. मेहुण्याने खिळ्यावर स्वेटर अडकवला, आणि अडकवता अडकवता त्याचं बोट खिळ्याला लागलं.

"आयायायाऽ दाजी!"

खट्. सगळा अंधार.

अंधारात कुणीतरी विचारलं, "विंचू का?" तात्या म्हणाले, "विंचवानं लाईट जात नसती." मेहुणा हात झटकत खाली उकिडवा बसला होता आणि परत परत एकच सांगत होता, "खिळा चावला. दाजी, तुमचा खिळा चावला." लोकांनी त्याला आगटीजवळ नेलं, पाणी दिलं, हुरडा दिला. पंधरा मिनिटांत त्याने हुरडा परत मागितला तेव्हा मी श्वास सोडला. मग आगटीच्या उजेडात सगळे रात्री अकरापर्यंत बसले. जाताना सगळे म्हणाले, काय मजा आली. घराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते दिसतच नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याच अण्णांना घेऊन आले. अण्णा पैठणचे जुने वायरमन. जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं त्या १९७६ साली ते पोरसवदा होते आणि तिथल्या वसाहतीत वायरिंगच्या कामावर शिकाऊ म्हणून वायरीची भेंडोळी वाहत होते. कानावर पेन्सिल, पिशवीत पटाशी, रंधा, परकार. मला वाटलं चुकून सुतार आणला.

त्यांनी आमच्या घरात पहिलं काम केलं ते हे, की कुठल्याच वस्तूला हात न लावता ते पाच मिनिटं भिंतीकडे बघत उभे राहिले. मग मेहुण्याच्या खिळ्याला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला.

"२३० व्होल्टचा खिळा," ते म्हणाले. "नग एक."

सुताराचा चार इंची खिळा लाकडातून, गिलाव्यातून, उथळ बसलेल्या पाईपमधून थेट फेजच्या तांब्याला जाऊन टेकला होता. लाकूड कोरडं असेतोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. दव पडलं, लाकूड ओलावलं, की खिळ्यातून वीज ओल्या लाकडावाटे, भिंतीवाटे जमिनीकडे पाझरायची आणि आरसीसीबी पडायचा. अण्णांनी मेगर लावून दाखवलं. मेगर म्हणजे वायरीचं आवरण कितपत शाबूत आहे ते मोजायचं यंत्र. काटा एका मेगाओहमच्या वर हवा, आमचा शून्याला लोळण घेत होता. "रोज रातच्याला ह्यो डबा तुम्हाला सांगायलाय, घरात काही तरी हाय म्हणून," अण्णा म्हणाले, "आन तुम्ही त्यालाच खराब म्हणायलात?"

मी गप्प. ही गप्प नव्हती, पण ते इथे देत नाही.

मग त्यांनी माझे बोर्ड उतरवले. एम-सील पटाशीने काढावं लागलं. आत लाकडाच्या भोकात मी वायरीचे जोड टेप गुंडाळून कोंबून ठेवले होते. ते दोन बोटांत धरून त्यांनी मला दाखवले, शाळेत गुरुजी कॉपीची चिठ्ठी दाखवतात तसे. "विटेत ठिणगी पडली तर ती विझती. हे काय हाय?" त्यांनी लाकडावर टिचकी मारली. "सरपण."

पुढचे दोन दिवस मी त्यांच्या हाताखाली होतो. वस्तू मागितली की द्यायची. हे काम मला येतं.

एक गोष्ट मी मुद्दाम जवळून पाहिली. अण्णांनी सागवानाचा दोन इंची जाड, वीतभर तुकडा घेतला आणि बोर्डाच्या जागी दोन आडव्या लाकडांवर उभा धरला. मग परकार उघडला. परकाराचा टोकदार पाय लाकडाच्या गोलाईवर ठेवून वरून खाली सावकाश ओढत आणला. पेन्सिलीचा पाय त्याच वेळी सागवानाच्या कडेवरून चालत होता. लाकूड फुगलं तिथे पेन्सिल आत गेली, खाच आली तिथे बाहेर. खाली पोचेतो सागवानावर आमच्या भिंतीचा अख्खा चढउतार उमटला होता, एक गाठ होती तिच्यासकट. त्या रेघेवरून पटाशीने कोरून काढलं, फुंकर मारली आणि तुकडा भिंतीवर टेकवला. तो बसला. मी मागून पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, जाईना. पुढून तुकडा सपाट, मागून आमची भिंत. आता त्यावर जगातला कुठलाही बोर्ड लावा.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? पहिलं समदं असंच व्हतं." आणि मग त्यांनी मला ते जुनं वायरिंग सांगितलं, जे मी लहानपणी पाहिलं होतं पण ज्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. पैठणच्या वाड्यांत मातीच्या भिंतींवरून सागवानी पट्टी जायची, पट्टीवर वायर, वायरीला दर चार बोटांवर पत्र्याची इवली लिंक क्लिप. आणि दिवा असेल तिथे होल्डरखाली गोल लाकडी ठोकळा, राउंड ब्लॉक. मातीची भिंत कधी सपाट नसतेच. म्हणून आधी ठोकळ्याची बैठक करायची आणि वीज त्या बैठकीवर बसवायची. राउंड ब्लॉक मी स्टोअर्सच्या एका जुन्या यादीत लिहिलेला पाहिला होता. त्याला गोल का म्हणतात एवढं कळायचं, तो कशाला लागतो हे कधी मनातच आलं नव्हतं.

बोर्डाचे चारही स्क्रू त्यांनी फक्त वरच्या लाकडात घेतले. खालच्यात का नाही, असं मी विचारलं. "नीलगिरी हाय ही. पिळाचं लाकूड. उन्हाळ्यात हे आक्रसंल, पावसाळ्यात फुगंल, आन दोन्ही लाकडं काय एका मतानं चालायची नाहीत. दोघांत आवळलं की बोर्ड तरकला." भिंतीतल्या बॉक्सपासून सागवानाच्या तोंडापर्यंत त्यांनी पत्र्याची चौकट बसवली, म्हणजे जोड लाकडाला उघडा राहणार नाही. आत वायर ताणून न ठेवता एक झोळ दिला, लाकूड हललं तरी ओढ बसू नये म्हणून. ओट्यावरच्या दिव्याची वायर आत शिरण्याआधी खाली लोंबती सोडून मग वर घेतली. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आलं तर त्या लोंबत्या ठिकाणाहून गळून जातं, दिव्यात जात नाही. दिव्याखाली तिरका ठोकळा कोरला आणि दिव्याचा उजेड प्रथमच आमच्या स्वतःच्या ओट्यावर पडला. टोपलं हिने परत कोथिंबिरीला घेतलं.

खिळा उपटून, ती वायर बदलून, सगळं पुन्हा मेगरवर घेऊन अण्णा निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. "अण्णा, सातवा बॉक्स राहिलाय."

"कंचा सातवा?"

"सात आहेत. सहा सापडले."

त्यांनी मेन बोर्ड उघडला, पाईप मोजले, एकेक वायर ओढून बघितली. "सहाच ठिकाणी गेल्यात वायरी. सातवा कुठंबी नाही."

"रजिस्टरला आहे," मी म्हणालो.

इथे माझा आवाज जरा चढला असावा, कारण ही आतून रजिस्टरच घेऊन आली. मी डावं पान उघडून सगळ्यांसमोर बोट ठेवलं: 'मेटल बॉक्स, आवक, नग ७.' तात्यांनी वाकून पाहिलं. अण्णांनी चष्मा लावून पाहिलं. हिने काही न बोलता बोट उजव्या पानावर नेलं. 'जावक ६. शिल्लक १. लोखंडी पेटी, वरचा कप्पा.' खाली सही. सही माझीच, तिच्या खाली मी नेहमी मारतो ती दुहेरी रेघसुद्धा.

भाचा पेटी उघडायला गेला. बॉक्स वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, चिठ्ठी लावून ठेवला होता.

आता उरली अकरा भोकं. सुतार म्हणाला, भुसा आणि फेविकॉल भरून देतो. भरलं, पण लाकूड वाळलं तसं ते गळून पडलं. भोकांत भुंगे घुमायला लागले. शेवटी हिने अकरा सागवानी खुंट्या करून आणल्या आणि स्वतः ठोकल्या. कुठे दाराशेजारी, कुठे गुडघ्याच्या उंचीवर, एक तर पार खिडकीखाली. परवा शहरातून हिच्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांतली एक खुंट्यांचे फोटो काढत होती. तिलाही तिकडे सावंगीकडे शेतावर असंच काहीतरी करायचंय.

"खुंट्यांचं हे डिझाइन कुणाचं गं? इतक्या वेगवेगळ्या उंचीवर?"

"यांचं," ही म्हणाली. "स्टोअर्समध्ये होते ना."